खासगी विमानांचे सारथी

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर पेढी नदीच्या कांठीं वलगांव लागतें. महाराष्ट्रास हें नांव मुख्यतः एका गोष्टीमुळें ठाऊक आहे. ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं संत गाडगेबाबांनीं अमरावतीकडे जात असतां याच पेढीच्या पुलावर देह ठेविला. ज्या पुरुषानें जन्मभर हातांत खराटा धरिला, त्याच्या नांवाशीं जोडलेल्या गांवांत विमानांची गोष्ट काढावी हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु मध्यंतरीं आम्ही तेथें एका स्नेह्यांकडे उतरलों असतां नेमकी तीच गोष्ट निघाली.

घरच्या मुलानें बारावीची परीक्षा दिली होती व वैमानिक होण्याचा त्याचा निश्चय होता. तेंही उतारूंच्या मोठ्या कंपनींत नव्हे, तर धनिकांस व पुढाऱ्यांस भाड्यानें जेट विमानें पुरविणाऱ्या एकाद्या खासगी कंपनींत. वडील शेतकरी. जेवणें आटोपल्यावर त्यांनीं सुपारी कातरतां कातरतां आम्हांस विचारलें, "पोट्टं म्हणते, मी विमान चालवीन. मोठ्या लोकायच्या विमानावर नवकरी करीन म्हणते. तुम्ही चार बुकं वाचले, भाऊ. धाडावं का नाई, सांगा."

पंचवीस वर्षांपूर्वीं वलगांवांत हा प्रश्न कोणी विचारला नसता. आतां अमरावतीच्या दुसऱ्या अंगास बेलोऱ्याचा विमानतळ आहे. ता. १६ एप्रिल २०२५ रोजीं तेथून मुंबईची नियमित वाहतूक सुरू झाली, आणि वैमानिक तयार करणारी एक मोठी शाळा त्याच ठिकाणीं काढण्याची योजना एअर इंडियानें २०२४ सालीं जाहीर केली. तेव्हां प्रश्न खरा होता व त्याच्या पाठीशीं शेतीच्या किंमतीएवढा पैसा अडकणार होता. आम्हांस त्या रात्रीं नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून या धंद्याचा इतिहास आम्ही थोडा चाळला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक जुनी कथा सांगावयास हवी. वनपर्वांत शाल्वानें द्वारकेवर चाल केली त्या प्रसंगाचें वर्णन आहे. लढतां लढतां प्रद्युम्नास मूर्च्छा आली, तेव्हां त्याच्या सारथ्यानें, म्हणजे दारुकाच्या मुलानें, धन्यास न विचारतां रथ रणांतून बाहेर काढला. शुद्धीवर आल्यावर प्रद्युम्न संतापला. पळपुटेपणाचा डाग आपल्या कुळास लागला म्हणून त्यानें सारथ्याची निर्भर्त्सना केली. सारथ्यानें शांतपणें सांगितलें कीं, रथी मूर्च्छित झाला असतां त्याचें रक्षण करणें हा सारथ्याचा धर्मच आहे व तो आपण पाळला. कुरुक्षेत्रावरील सारथ्यांचीं नांवें सर्वांस पाठ असतात. या दारुकपुत्राची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. खासगी विमान चालविणाऱ्याचा खरा पूर्वज मात्र हाच आहे असें आम्हांस वाटतें. धनी रथांत बसला आहे, त्याला पुढें जावयाचें आहे, पगार तोच देतो, आणि अशा वेळीं रथ मागें फिरवावयाचा आहे. हें बळ सारथ्याला कोठून मिळतें, हाच या साऱ्या धंद्याच्या इतिहासांतील मुख्य प्रश्न आहे.

हिंदुस्थानांत विमानांची वाहतूक आरंभीं खासगीच होती. पहिल्या महायुद्धानंतर रिकामे झालेले विलायती वैमानिक जुनीं विमानें घेऊन गांवोगांव हिंडत व पैसे घेऊन लोकांस आकाशाची फेरी घडवीत. नेव्हिल व्हिन्सेंट हा असाच एक वैमानिक १९२९ सालीं एका सोबत्यासह इकडे आला. भाडोत्री वैमानिकांचा इकडचा इतिहास अशाच फिरत्या लोकांपासून सुरू होतो. व्हिन्सेंटनें हवाई टपालाची कल्पना टाटांच्या घराण्यापुढें मांडली, आणि ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं स्वतः 'पस् मॉथ' जातीचें लहानसें विमान कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर आणलें. तेथून बल्लारीवरून मद्रासपर्यंत टपाल नेण्याचें काम व्हिन्सेंटनें केलें. दोन विमानें व मूठभर माणसें, एवढाच पहिला संसार होता. पहिल्या वर्षीं या विमानांनीं सुमारें १,६०,००० मैलांचा प्रवास केला; उतारू मिळाले अवघे १५५. पैसा टपालाचा होता, माणसांचा नव्हता.

या आरंभाच्या काळांतील दोन गोष्टी आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी कीं, मालक स्वतःच सारथी होता. या देशांत वैमानिकाचा पहिला परवाना फेब्रुवारी १९२९ मध्यें टाटांनाच मिळाला होता. ढग म्हणजे काय, एंजिन खोकूं लागलें म्हणजे पोटांत कसा गोळा येतो, हें त्यांस दुसऱ्यानें सांगावें लागत नव्हतें. दुसरी गोष्ट जुहूच्या मैदानाची. तें समुद्रकांठचें चिखलाचें पठार. पावसाळ्यांत तेथें पाणी सांचे व विमान उतरविणें अशक्य होई. म्हणून दरसाल पावसाळ्यांत सगळें बिऱ्हाड पुण्यास हालवावें लागे. निसर्गानें 'नाहीं' म्हटलें म्हणजे तें मुकाट्यानें ऐकावयाचें, हा धडा या कंपनीनें जणूं अंगणांतच गिरविला. वक्तशीरपणाबद्दल तिची सरकारदरबारीं वाहवा झाली ती या नम्रतेसह, तिला सोडून नव्हे.

दुसरें महायुद्ध संपलें आणि चित्र पालटलें. अमेरिकन सैन्यानें मागें टाकलेलीं डकोटा विमानें स्वस्तांत मिळूं लागलीं. युद्धांत तयार झालेले वैमानिक नोकरीच्या शोधांत होते. व्यापाऱ्यांच्या हातीं युद्धांतला पैसा खुळखुळत होता. बिर्लांची भारत एअरवेज, दालमिया-जैन, ओरिएंट, अंबिका, ज्युपिटर, कलिंग अशा कंपन्या भराभर निघाल्या. निजामाच्या राज्यांत टाटांच्या भागीदारीनें डेक्कन एअरवेज उभी राहिली. कागदोपत्रीं वऱ्हाडचें स्वामित्व त्या वेळीं निजामाकडेच होतें व त्याच्या युवराजास 'बेरारचा राजपुत्र' म्हणत, एवढें सांगितलें म्हणजे वऱ्हाडी वाचकांस या कंपनीचें नातें कळेल.

परवाने देणाऱ्या मंडळानें हात सैल सोडला. धान्य थोडें आणि खाणारीं तोंडें फार, अशी स्थिति झाली. अंबिका व ज्युपिटर या कंपन्या थोड्याच काळांत बुडाल्या. तेव्हां सरकारनें १९५० सालीं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. या मराठी न्यायाधीशानें केलेलें निदान आजही वाचण्यासारखें आहे. परवाने गरजेपेक्षां फार दिले गेले, विमानें पुरेशा तासांचें काम न मिळतां उभीं राहतात, खर्च फिटत नाहीं. म्हणून कंपन्या एकत्र करून त्यांची संख्या चारांवर आणावी व सरकारनें धंदा ताब्यांत घेण्याची घाई करूं नये, असा त्याचा आशय होता. समितीपुढचा प्रश्न जमाखर्चाचा होता. परंतु जमाखर्चाचा परिणाम शेवटीं वैमानिकाच्या खुर्चीपर्यंत पोंचतो. ज्या कंपनीचा उद्यांचा दिवस अनिश्चित, तिच्या नोकराला आजचें उड्डाण रद्द करण्याचें धैर्य कोठून यावें?

याच सुमारास आपल्या प्रांताचें आकाश या इतिहासांत आलें. जानेवारी १९४९ मध्यें रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांची ती आवडती कल्पना. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार शहरांहून रात्रीं एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानें नागपुरास सोनेगांवच्या मैदानावर जमत. तेथें थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि पहांट फुटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गांवीं परत जाई. नकाशावर मुंबईपासून नागपुरापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती वऱ्हाडावरून, अकोला व अमरावती यांच्या थोडी दक्षिणेकडून जाते. ज्या रात्रीं वलगांवांत रॉकेलचे दिवे मालवून माणसें निजत, त्याच रात्रीं त्या रेघेवरून डकोटाचे दोन वैमानिक खालच्या काळोखांत ओळखीचा एकादा दिवा शोधीत जात असत.

या योजनेस टाटांनीं कसून विरोध केला. रात्रीं विमानें चालविण्यास लागणारी साधनें मैदानांवर अद्याप पुरेशीं नाहींत व मिळणाऱ्या दरांत हें काम परवडणारें नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. मंत्री व उद्योगपति यांच्यांतील हा वाद त्या काळीं बराच गाजला. टाटांस त्यांत धंद्याचा स्वार्थ होता हें खरें; परंतु ज्यानें स्वतः विमान हांकलें आहे त्याच्या तोंडचें 'अजून नाहीं' आणि हिशेबनिसाच्या तोंडचें 'परवडत नाहीं' यांत अंतर असतें, हेंही खरें. काम ज्या इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सनें प्रथम पत्करलें ती कंपनी कांहीं महिन्यांतच बसली. मग तें हिमालयन एव्हिएशनकडे गेलें. पुढें रात्रीचें टपाल वर्षानुवर्षें चाललें व लोकांस त्याची संवय झाली, हें किडवाईंच्या दूरदृष्टीचें फळ होय. पण त्याची किंमतही पडली. ता. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्रीं नागपुराहून मद्रासकडे निघालेलें टपालाचें डकोटा उड्डाण होतांच कोसळलें. तेरा माणसें गेलीं. एकटा मुख्य वैमानिक वांचला. टपाल वेळेवर आलें म्हणजे पोस्टमन दिसतो, वैमानिक दिसत नाहीं. तो दिसतो तो अशाच दिवशीं.

त्या अपघाताच्या वेळीं धंदा खासगी राहिला नव्हता. संसदेनें १९५३ सालीं कायदा केला व ता. १ ऑगस्ट १९५३ पासून आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हें सरकारी महामंडळ अस्तित्वांत आलें. या कंपन्यांतील एका बाईची हकीकत येथें सांगणें उचित होईल. प्रेम माथुर यांस १९४७ सालीं व्यापारी वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यांनीं कंपन्यांकडे अर्ज केले; बाई विमान चालविते हें कळल्यास उतारू घाबरतील, अशा सबबीवर त्यांस नकार मिळत गेले. अखेर डेक्कन एअरवेजनें त्यांस सहवैमानिक म्हणून घेतलें. मुख्य वैमानिकाची जागा मात्र दिली नाहीं. तेव्हां ती नोकरी सोडून त्या घनश्यामदास बिर्ला यांच्या खासगी विमानावर रुजू झाल्या व पुढें १९५३ मध्यें इंडियन एअरलाइन्समध्यें गेल्या. खासगी मालकाच्या नोकरीस आम्हीं वर जो दोष दिला त्याची ही दुसरी बाजू आहे. जेथें मोठ्या संस्थेचे नियम दार बंद करतात, तेथें एका मालकाच्या मर्जीनें तें उघडतेंही. मर्जीवर मिळालेलें मर्जीवर जाऊंही शकतें, एवढेंच ध्यानांत ठेवावयाचें. बायकांना मुख्य वैमानिकाची जागा मिळाल्याचा दिवस उजाडण्यास बराच काळ जावा लागला. १९८५ सालीं कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या फोकर विमानांत सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या, आणि त्या विमानाचें आधिपत्य सौदामिनी देशमुख या मराठी बाईकडे होतें.

सरकारी मक्त्याच्या काळांतही भाड्याचीं विमानें अगदींच नाहींशीं झालीं नाहींत. पण धंदा कोपऱ्यांत राहिला. इकडे बाहेर जगांत १९६३ सालीं अमेरिकेचें 'लिअरजेट' व फ्रान्सचें 'फाल्कन' यांनीं पहिलीं उड्डाणें केलीं, आणि पांचसात माणसांसाठीं जेट विमान ही वस्तु बाजारांत आली. आपल्याकडे १९८६ पासून 'हवाई टॅक्सी'स मोकळीक मिळूं लागली, १९९४ मध्यें मक्त्याचा कायदा रद्द झाला, आणि उद्योगपति, पुढारी, नट, रोगी या सर्वांस वेळापत्रकाबाहेर नेणाऱ्या लहान कंपन्यांचा वर्ग तयार झाला. वलगांवच्या त्या मुलाचें लक्ष आहे तें या वर्गाकडे.

या नोकरीचें स्वरूप वाचकांस थोडें समजावून सांगितलें पाहिजे. परवान्यासाठीं वयाचीं अठरा वर्षें पूर्ण हवींत व किमान दोनशें तास उड्डाण केलेलें असावें लागतें; या दोनशें तासांनाच कित्येक लाख रुपये मोजावे लागतात. त्यानंतर ज्या जातीचें विमान चालवावयाचें तिचें निराळें शिक्षण घ्यावयाचें. मोठ्या उतारू कंपनींत मार्ग आंखणारे, हवा पाहणारे, सामान चढविणारे निरनिराळे लोक असतात. लहान कंपनींत यांतील बरेंचसें वैमानिकाच्याच अंगावर येतें. निरोप ऐन वेळीं येतो. सकाळीं एकाद्या जिल्ह्याच्या धांवपट्टीवर उतरावयाचें, पाहुणे सभेला किंवा लग्नाला गेले कीं दिवसभर विमानाच्या सावलींत बसून राहावयाचें, आणि मग डोळे घड्याळाकडे व आकाशाकडे लावावयाचे. कारण पुष्कळ लहान धांवपट्ट्यांवर रात्रीं उतरण्याची अथवा उडण्याची सोय नसते. धुकें वा ढग असतां वाट दाखविणारीं यंत्रेंही नसतात. सभा लांबते, हार संपत नाहींत, सूर्य खालीं जातो. मग मोटारींचा तांडा धुरळा उडवीत येतो व पाहुणे म्हणतात, "चला, चला, उशीर झाला!" याच क्षणीं दारुकाच्या मुलाची परीक्षा असते.

कायदा या क्षणीं पूर्णपणें वैमानिकाच्या बाजूस उभा आहे. १९४४ सालीं शिकागो येथें राष्ट्रांनीं जो करार केला, त्याला जोडलेल्या नियमांप्रमाणें विमानासंबंधीं अखेरचा निर्णय मुख्य वैमानिकाचा आहे. आंत कोणीही बसलेला असो. परंतु कायदा कागदावर असतो आणि पगार महिन्याच्या महिन्याला येतो. ता. ३० सप्टेंबर २००१ रोजीं माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेस एका उद्योगसमूहाच्या लहान विमानानें निघाले. हवा खराब होती. विमान मैनपुरीजवळ पडलें व शिंदे, त्यांचे सहकारी, पत्रकार आणि दोन वैमानिक असे आठही जण मृत्यु पावले. ग्वाल्हेरच्या मराठी घराण्याचा तो कर्ता पुरुष; महाराष्ट्रांतही त्या संध्याकाळीं पुष्कळ घरांत चूल उशिरां पेटली. त्या दिवशीं कोणाचें काय चुकलें याचा निवाडा आम्ही करीत नाहीं; तो अधिकार आमचा नाहीं. परंतु त्यानंतर वर्तमानपत्रांचे रकाने एका नांवानें भरून गेले व त्या दोन वैमानिकांचीं नांवें आज दहांत एकासही सांगतां येणार नाहींत, हें नमूद करणें आमचें काम आहे. रथी पडला म्हणजे इतिहास होतो. सारथी पडला तर यादी होते.

इतका इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. मालक खासगी कीं सरकारी, यावर वैमानिकाची सुरक्षितता एकट्यानें ठरत नाहीं. टाटांच्या खासगी कंपनींत जुहूच्या चिखलाचा मान राखला जाई, आणि रात्रीच्या टपालाची घाई सरकारी मंत्र्यानेंच केली होती. प्रश्न एवढाच असतो कीं, वैमानिकानें 'आज नाहीं' म्हटलें तर दुसऱ्या दिवशीं त्याची नोकरी शाबूत राहते काय. जेथें राहते तेथें विमानें परत येतात. जेथें राहत नाहीं तेथें तीं बहुधा परत येतात, आणि या 'बहुधा'चीच संवय होऊन बसते. यांत दोष एकट्या कंपनीचाही नव्हे. पुढाऱ्याचें विमान उशिरां आलें म्हणून सभेंत शिट्या वाजविणारे आपणच असतों, व संध्याकाळीं सातपर्यंत हारतुऱ्यांसाठीं त्यास अडकवून ठेवणारेही आपणच.

वलगांवच्या आमच्या स्नेह्यांस आम्हीं जें पत्र लिहिलें त्याचा सारांश असा. मुलाला अवश्य धाडावें. गणित व पदार्थविज्ञान पक्कें करून घ्यावें, कर्ज काढावयाचें तर परवाना मिळाल्याबरोबर नोकरी मिळेलच असें गृहीत धरून काढूं नये, आणि शाळा निवडतांना तिच्या इमारतीपेक्षां तिच्याकडे उडण्यायोग्य विमानें किती व शिक्षक किती, हें पाहावें. नोकरी मोठ्या कंपनींत मिळो वा धनिकांच्या जेट विमानावर, दोन्हींत कमीपणा नाहीं. परंतु ज्या दिवशीं तो पहिल्यानें मोठ्या माणसास घेऊन उडेल, त्या दिवशीं घरून त्याला एक निरोप जावा: हवा वाईट असली तर रथ फिरव, नोकरी गेली तरी घरची भाकर आहे.

त्यांचें उत्तर चार ओळींचें आलें. तिसऱ्या ओळींत लिहिलें होतें, "हे शेवटचं मी त्याले आत्ताच सांगून ठेवलं."